लहान वयात मोतीबिंदू झालेल्यांचे रक्त एकदा तपासा

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
तसेच राज्यातील सर्व नेत्रतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ

महोदय,

मागणी आधी सांगते, कारणे नंतर. लहानपणी किंवा ऐन तारुण्यात ज्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि ज्याचे कारण कोणाला सापडले नाही, अशा राज्यातल्या प्रत्येकाचे रक्त एकदा कोलेस्टॅनॉल या घटकासाठी तपासले जावे. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झालेली असो, धर्मादाय शिबिरात असो की खासगी दवाखान्यात. आज ही तपासणी घरच्यांच्या चिकाटीवर आणि एखाद्या डॉक्टरला वेळेवर शंका येण्यावर अवलंबून आहे. ती आरोग्य खात्याच्या रोजच्या कामात यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अशा मोतीबिंदूमागे कधी कधी रक्तात कोलेस्टॅनॉल वाढवणारा एक आनुवंशिक आजार लपलेला असतो. माझ्या धाकट्या भावाला तो आहे आणि त्याचे निदान तिशी उलटल्यावर झाले. पुढे जे लिहिले आहे ते त्याच्या आजारपणात शिकलेले, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून खात्री केलेले आहे.

आजाराचे नाव सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस. डॉक्टर त्याला सीटीएक्स म्हणतात, मीही तेच म्हणेन. बेल्जियमचे मेंदूविकारतज्ज्ञ लुडो व्हॅन बोगार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले. आजार आनुवंशिक आहे आणि हळूहळू मेंदू निकामी करत नेतो. अशा आजारांच्या गर्दीत त्याचे वेगळेपण असे की त्यावर औषध आहे, आणि ते वेळेवर मिळाले तर मेंदूचे नुकसान टळते. म्हणूनच त्याचे निदान उशिरा होणे इतके जिव्हारी लागते.

शरीरात काय बिघडते ते थोडक्यात सांगते. आपले यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. त्यातले एक मुख्य पित्ताम्ल म्हणजे कीनोडिऑक्सिकोलिक ॲसिड, म्हणजेच सीडीसीए. ते तयार होण्यासाठी एक विकर (एन्झाइम) लागते आणि त्या विकराची सूचना सीवायपी२७ए१ नावाच्या जनुकात असते. आई आणि वडील दोघांकडूनही या जनुकाची बिघडलेली प्रत आली की सीडीसीए जवळजवळ बनतच नाही. सीडीसीएचे आणखी एक काम असते. पुरेसे पित्ताम्ल झाले की तेच यकृताला थांबण्याचा इशारा देते, टाकी भरल्यावर बॉलकॉक पाणी बंद करतो तसे. इशारा देणाराच नसल्यामुळे यकृत थांबत नाही. अर्धवट बनलेले पदार्थ साठत जातात, त्यांपासून कोलेस्टॅनॉल तयार होते आणि ते रक्तातून शरीरभर फिरून डोळ्याच्या भिंगात, स्नायूबंधांत आणि मेंदूत जमत राहते. मेंदूत ते मुख्यतः लहान मेंदूच्या आत साचते, जिथून चालण्याचा तोल सांभाळला जातो.

कोलेस्टॅनॉल आणि कोलेस्टेरॉल ही नावे जवळची, रेणूही जवळचे. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये मात्र कोलेस्टॅनॉल वेगळे दिसत नाही. सीटीएक्सच्या बहुतेक रुग्णांचे कोलेस्टेरॉल नॉर्मल किंवा कमीच येते. माझ्या भावाच्या टाचेमागच्या धोंडशिरा बोटाएवढ्या जाड झाल्या तेव्हा एका डॉक्टरांनी चरबीच्या गाठी असतील म्हणून लिपिड प्रोफाइल करायला सांगितले. ते उत्तम आले. "कोलेस्टेरॉल छान आहे, काळजीचे कारण नाही," असे सांगून आम्हाला घरी पाठवले. त्या डॉक्टरांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. हाताशी असलेली तपासणी त्यांनी केली. जी करायला हवी होती ती त्यांच्या प्रयोगशाळेच्या यादीतच नव्हती.

भावाचे आयुष्य उलटे वाचत गेले तर हा आजार पानोपानी दिसतो. बाळपणी त्याचे जुलाब थांबत नसत. आई जायफळ उगाळून चाटवायची, डाळिंबाची साल द्यायची, मग दवाखाना, मग पुन्हा जायफळ. वजन भरत नव्हते. अकराव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत पांढरे दिसू लागले. शिबिरात मोफत शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली, आणि ज्यांनी ती केली त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. नववीत तो नापास झाला. आधी हुशार होता, मग मागे पडत गेला, आणि शाळेने त्याला आळशी ठरवले. विशीत टाचा जाड झाल्या. पंचविशीनंतर चालताना झोक जाऊ लागला. आमच्या गावात झोकांड्या खात चालणाऱ्या तरुणाबद्दल लोक काय समजतात ते वेगळे सांगायला नको. त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, तरी लग्नाची बोलणी त्याच कारणाने मोडली. मग चिडचिड, संशय, मानसोपचाराच्या गोळ्या. अखेर एका तरुण मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी त्याची पायतणे काढायला लावली, टाचा चाचपल्या आणि विचारले, "लहानपणी मोतीबिंदू झाला होता का? आणि जुलाब?" एवढ्या वर्षांत हे दोन प्रश्न एकत्र कोणी विचारले नव्हते.

मोतीबिंदू डोळ्याच्या डॉक्टरांनी पाहिला, जुलाब बालरोगतज्ज्ञांनी, गाठी सर्जननी, चाल हाडांच्या डॉक्टरांनी, स्वभाव मानसोपचारतज्ज्ञांनी. प्रत्येकाने आपला तुकडा नीट हाताळला. तुकडे जोडायचे कोणी, हे ठरलेले नव्हते. जगभरच्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तर निदानाचे वय सरासरी पस्तिशीच्या आसपास येते. पहिली लक्षणे तर बाळपणापासून असतात. म्हणजे ही केवळ आमच्या घराची गोष्ट नाही.

वय इतके महत्त्वाचे का, हे नेदरलँड्समधल्या रुग्णांच्या अभ्यासातून कळते. तिथे ५६ रुग्णांना दीर्घकाळ सीडीसीए देऊन त्यांची प्रगती पाहिली गेली आणि निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचे निदान आणि उपचार २४ वर्षे वयाच्या आत सुरू झाले त्या सर्वांची मेंदूविषयक लक्षणे नाहीशी झाली, नवी उद्भवली नाहीत. ज्यांचे उपचार २४ नंतर सुरू झाले त्यांच्यापैकी ६१ टक्के रुग्ण औषध घेऊनही ढासळत गेले. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा भावाच्या वयातून २४ वजा करून बसले होते. त्याचे औषध सुरू झाल्यावर जन्मापासूनचे जुलाब काही आठवड्यांत थांबले. रक्तातले कोलेस्टॅनॉल खाली आले. चाल मात्र परत आली नाही. डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकवू. आम्ही ते टिकवतो आहोत.

मोतीबिंदू बहुधा शाळेच्या वयात येतो आणि चालण्यातला दोष बहुधा विशी-तिशीत. या दोहोंमध्ये दहा-पंधरा वर्षांची मोकळी जागा आहे. त्या जागेत एक रक्ततपासणी बसली तर माणूस आयुष्यभर आपल्या पायावर चालू शकतो. माझी सगळी मागणी या दहा-पंधरा वर्षांवर उभी आहे.

मोतीबिंदू हेच दार का, असेही विचारले जाईल. सीटीएक्सच्या बहुसंख्य रुग्णांना तो होतो, आणि तो झाला की रुग्ण हमखास डॉक्टरपर्यंत पोचतो. जुलाब हजार कारणांनी होतात. अभ्यासात मागे पडणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू ही ठळक गोष्ट आहे, तिची नोंद होते, शस्त्रक्रियेचा कागद तयार होतो. अमेरिकेत असा कारण न सापडलेला दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू लहान वयात झालेल्या १७० जणांची तपासणी झाली, त्यात ३ जणांना सीटीएक्स निघाला. जवळपास साठातला एक. इतक्या दुर्मीळ आजारासाठी हे प्रमाण फार मोठे आहे. गाठोडीभर गवत उपसायची गरज नाही, कुठे पाहायचे ते आपल्याला माहीत आहे.

दुर्मीळ म्हणावे तरी किती? २०१५ मध्ये संशोधकांनी जगभरच्या जनुकीय माहितीसाठ्यांवरून या आजाराचे प्रमाण काढले. युरोपीय वंशाच्या लोकांत ते साधारण १ लाख ३५ हजार ते ४ लाख ६१ हजारांत एक आले. दक्षिण आशियाई लोकांत ३६,०७२ ते ७५,६०१ लोकांत एक, तपासलेल्या सर्व लोकसमूहांत सर्वाधिक. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी. हे प्रमाण आपल्याला जसेच्या तसे लागू धरले तर राज्यात सुमारे दीड ते तीन हजार रुग्ण असायला हवेत. हा जनुकांवरून बांधलेला अंदाज आहे, मोजणी नव्हे, आणि प्रत्यक्ष आकडा बराच कमी निघू शकतो. तरीही निदान झालेले रुग्ण त्याच्या आसपासही नाहीत. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत मिळून काही शे रुग्णांचीच नोंद आहे. मग आपले कुठे आहेत? कोणी मनोरुग्ण म्हणून, कोणी मतिमंद म्हणून, कोणी दारुडा म्हणून घराच्या कोपऱ्यात बसलेला असेल.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. माझ्या आईवडिलांचेही नाते तेच. असा विवाह झाला की एकाच पूर्वजाकडून आलेली बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी मुलाकडे येण्याची शक्यता वाढते. हे लिहिताना एक विनंती करते. निदानानंतर घरात पहिला प्रश्न "कोणाकडून आले?" हा होतो आणि बोट बाईकडे जाते. दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही, हे निदान सांगणाऱ्या डॉक्टरांनी आईवडील, सासू-सासरे सगळ्यांना समोर बसवून सांगावे. आणि प्रत्येक भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणून भावंडांचे रक्त त्याच आठवड्यात घ्यावे. एका रुग्णामागे एखादे लक्षणेही न दिसणारे भावंड सापडले तर सगळ्यात जास्त फायदा त्याचा होणार आहे.

आता जनुकीय तपासणीबद्दल. हल्ली एक्झोम तपासणी, म्हणजे सगळ्या जनुकांचे मुख्य भाग एकदम वाचणारी चाचणी, स्वस्त होत चालली आहे, मग कोलेस्टॅनॉलचा आग्रह कशाला, असे मला एका अधिकाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण जनुकीय अहवालात अनेकदा असा बदल दिसतो ज्याचा अर्थ अजून कोणाला लागलेला नाही. भारतीय लोकांचे जनुकीय नमुने जागतिक साठ्यांत कमी असल्यामुळे आपल्या अहवालांत असे अनिश्चित बदल जास्त येतात. अहवाल हातात असतो आणि उत्तर नसते. रक्तातले कोलेस्टॅनॉल नेहमीपेक्षा अनेक पटींनी वाढलेले असेल तर तो बदल खरोखर काम बिघडवतो आहे हे कळते. पुढे औषध लागू पडते आहे का, मात्रा पुरेशी आहे का, हे तर जनुक कधीच सांगणार नाही. ते दर काही महिन्यांनी रक्तच सांगते. दोन्ही तपासण्या हव्यात. चाळणीसाठी आणि पाठपुराव्यासाठी मात्र रक्तातली खूण आधी.

तिच्याही मर्यादा आहेत. यकृतात पित्त अडकले असेल तर कोलेस्टॅनॉल थोडे वाढू शकते. म्हणून अहवाल वाचणारा माणूस जाणकार हवा आणि निदान जनुकीय तपासणीने पक्के करायला हवे. तान्ह्या बाळांसाठी कोलेस्टॅनॉलपेक्षा, साठलेल्या अर्धवट पदार्थांपासून बनणारा टेट्रॉल ग्लुकुरोनाइड हा पदार्थ अधिक उपयोगी आहे. तो वाळवलेल्या रक्ताच्या थेंबात मोजता येतो.

हे सगळे महाराष्ट्रात कसे बसवायचे, याबद्दल माझ्यापुरते जे दिसते ते मांडते.

शाळेत आमच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक दरवर्षी येते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा जाते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तोच आपल्या पालघरहून. पथकातले डॉक्टर मुलांचे डोळे पाहतात, वजन-उंची घेतात, विकासातला विलंब नोंदवतात. त्यांच्या नोंदपत्रात दोनच प्रश्न वाढवावेत: डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे का, आणि बाळपणी दीर्घकाळ जुलाब होते का. पहिल्याचे उत्तर हो आले तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवून तिथे रक्त घ्यावे. दोन्हींचे उत्तर हो आले तर त्या मुलाचा पाठपुरावा पथकाने स्वतः करावा, पालकांवर सोडू नये. शाळेतल्या शिक्षिका म्हणून सांगते, शेतमजुरीवर पोट असलेला बाप एका चिठ्ठीवर दोनदा जिल्ह्याच्या गावी जात नाही. एकदा जातो, लाइनीत उभा राहतो, "पुढच्या सोमवारी या" ऐकतो आणि विषय संपतो.

आधीच शस्त्रक्रिया झालेल्यांचे काय? अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी जिल्हावार असतात. त्यातून तिशीच्या आतल्यांची यादी काढणे हे एखाद्या डेटा एंट्री ऑपरेटरचे काम आहे. मार लागून झालेला, स्टिरॉइडमुळे झालेला, मधुमेहातला, जन्मतःच असलेला मोतीबिंदू वगळला की यादी फार लांब राहणार नाही. आशाताईंमार्फत त्या घरांपर्यंत पोचता येईल.

प्रयोगशाळा हा खरा अडसर. कोलेस्टॅनॉल मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. नाव मोठे असले तरी तंत्र राज्याला नवे नाही. विषबाधेच्या प्रकरणांत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा हेच तंत्र वर्षानुवर्षे वापरत आल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या संशोधन संस्थांत ही यंत्रे आहेत. शेजारच्या गोव्याने २००८ मध्येच सरकारी रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांची टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर तपासणी सुरू केली होती, तेही मास स्पेक्ट्रोमेट्रीवरच. आपल्याकडे आजही बहुतेक कुटुंबांना नमुना कुठे पाठवायचा हेच माहीत नसते. आमचा नमुना परराज्यात गेला, मध्ये बर्फ वितळला म्हणून परत मागवला गेला. संपूर्ण राज्यासाठी एक प्रयोगशाळा पुरेल. मुंबईचे केईएम रुग्णालय राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालचे उत्कृष्टता केंद्र आहे आणि त्याच आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थाही आहे. २०२१ च्या त्या धोरणात केंद्रांना तपासणी आणि निदानाच्या सुविधांसाठी ५ कोटी रुपयांपर्यंत एकरकमी अनुदानाची तरतूद आहे. राज्याने त्यात भर घालून ही एक चाचणी तिथे कायमची बसवावी, दर ठरवावा, सरकारी चिठ्ठीवर ती मोफत असावी आणि अहवाल किती दिवसांत मिळेल ते लेखी जाहीर करावे.

त्याच यंत्रणेवर पुढे इतर आजारही येऊ शकतात, कारण रक्तात खूण सोडणारा हा एकटाच आजार नाही. नीमन-पिक सी या आजारात मूल हळूहळू वर-खाली नजर फिरवणे विसरते, अडखळते, गिळणे जाते. त्यासाठी पूर्वी त्वचेचा तुकडा काढून पेशी वाढवाव्या लागत. आता पीपीसीएस हा पदार्थ रक्ताच्या वाळलेल्या थेंबात मोजून दाट संशय घेता येतो. यकृत आणि प्लीहा वाढवणाऱ्या गौशेच्या आजारात लायसो-जीबी१ हा पदार्थ वाढतो. मुख्यतः मुलग्यांना होणाऱ्या ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या मेंदूच्या आजारासाठी सी२६:० लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन हा मेदपदार्थ पाहतात. न्यूयॉर्क राज्याने २०१३ च्या अखेरीस नवजात बाळांसाठी ही तपासणी सुरू केली, कारण मेंदूतला बिघाड अगदी सुरुवातीला पकडला तर मूळपेशी प्रत्यारोपणाने तो थांबवता येतो. शरीरात तांबे साठवणाऱ्या विल्सन आजारासाठी रक्तातल्या सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाची तपासणी तर आजच अनेक प्रयोगशाळांत होते, फक्त कोणीतरी ती लिहून द्यावी लागते.

न्यूरोफिलामेंट नावाच्या चाचणीचा हल्ली बराच बोलबाला आहे. ती मेंदूच्या पेशी झिजत आहेत एवढे सांगते, कोणत्या आजाराने ते सांगत नाही. उपचाराचा परिणाम पाहायला ती उपयोगी पडेल. पण खेड्यातल्या मुलाचे निदान तिने होणार नाही, आणि पैसे मोजके असतील तर ते आधी आजाराचे नाव सांगणाऱ्या खुणांवर खर्च व्हावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आता औषध. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण निदान करून औषध न देणे हा त्या घरावर दुसरा घाव आहे. सीडीसीए जुने औषध आहे. १९७० च्या दशकात ते पित्ताशयातले खडे विरघळवण्यासाठी वापरले जात असे. १९८४ मध्ये बर्जिनर, सेलन आणि शेफर यांनी सीटीएक्सच्या १७ रुग्णांना ते देऊन सुधारणा दिसल्याचे प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून तोच मुख्य उपचार आहे. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचे ज्ञान. मग किंमत काय असावी? नेदरलँड्समध्ये २००८ साली या औषधाचे एक पाकीट ४६ युरोला मिळे. हक्क लिडियंट या कंपनीकडे गेले, औषध दुर्मीळ आजारासाठी नव्याने नोंदवले गेले आणि २०१७ मध्ये तेच पाकीट सुमारे १४,००० युरोवर गेले. गोळीत काहीही बदललेले नव्हते. अॅमस्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयाने २०१८ मध्ये आपल्याच औषधशाळेत रुग्णांसाठी ते बनवायला घेतले. तिथल्या स्पर्धा नियामकाने २०२१ मध्ये कंपनीला सुमारे १.९६ कोटी युरो दंड केला. पुढच्या वर्षी इटली आणि स्पेननेही कारवाई केली. अमेरिकेत सीटीएक्ससाठी या औषधाला रीतसर मंजुरी मिळाली ती थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये.

भारतातल्या अनेक रुग्णांच्या नोंदींत डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे की सीडीसीए सहज मिळत नाही म्हणून दुसरे काही देऊन पाहिले. सीडीसीएचे भावंड म्हणावे असे अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड इथल्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते, पण या आजारात ते उपयोगाचे नाही, कारण ते यकृताला थांबण्याचा इशारा देत नाही. ही गोष्ट औषधांच्या दुकानांतही सांगितली जावी, आम्हाला एका दुकानदाराने अर्सोडिऑक्सिकोलिक "तेच आहे, घ्या" म्हणून दिले होते.

भारत औषधे बनवणारा देश आहे. पित्ताम्लांची रसायने इथे बनतात. नेदरलँड्समधल्या एका रुग्णालयाला जे जमले ते राज्याला का जमू नये? महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने राज्याच्या गरजेइतके सीडीसीए दीर्घ मुदतीच्या खरेदी हमीवर देशातल्या उत्पादकाकडून बनवून घ्यावे. एकदोन रुग्णांसाठी कोणी कारखान्याची तुकडी चालवणार नाही हे कळते. म्हणूनच आधी तपासणी आणि मग रुग्णसंख्या, हा क्रम मी धरते आहे. तोपर्यंतच्या आयातीसाठी राज्याने केंद्राकडे पाठपुरावा करावा. दुर्मीळ आजार धोरणात सूचीबद्ध आजारांच्या वैयक्तिक वापराच्या औषधांवरचे मूळ सीमाशुल्क केंद्राने एप्रिल २०२३ पासून माफ केले आहे, आणि उपचारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. सीटीएक्सच्या रुग्णाला हे दोन्ही लाभ विनाअडथळा मिळतील, असे लेखी आदेश सर्व उत्कृष्टता केंद्रांना जावेत.

नेत्रतज्ज्ञांना वेगळे सांगायचे आहे. तुमच्यासमोर मूल बसते तेव्हा तुम्ही त्याला दिसू लागेल असे करता, आणि आईबाप तुमच्या पाया पडतात. त्याच वेळी, शस्त्रक्रियेआधी तुम्ही रक्त तपासायला घेताच. त्यातली एक बाटली वेगळी काढा. टाचांना हात लावून पाहा. आईला जुलाबांचे विचारा. तुम्हाला अख्खा आजार ओळखायचा नाही, फक्त नमुना पुढे पाठवायचा आहे. बालरोगतज्ज्ञांनो, अडून बसलेली कावीळ आणि न थांबणारे जुलाब यांच्या कारणांच्या यादीत शेवटी का होईना पण पित्ताम्लांचे विकार असू द्या. आणि मानसोपचार करणाऱ्या सर्वांनो, विशीतल्या रुग्णाच्या डोळ्यांत कृत्रिम भिंग असेल तर ते का बसवावे लागले ते विचारा.

माझ्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, शाळांमध्ये लहान वयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली मुले आहेत. त्यांच्यापैकी कोणाला सीटीएक्स असेल की नाही, मला ठाऊक नाही, बहुधा नसेलच. पण त्यांचे रक्त घ्यायला कोणाला सांगायचे, नमुना कुठे पाठवायचा आणि पैसे कोणी द्यायचे, याचे उत्तर आज तालुक्यात कोणाकडेच नाही. विभागाने परिपत्रक काढून एक प्रयोगशाळा, एक नोंदपत्र आणि जिल्ह्याला एक जबाबदार अधिकारी नेमावा. परिपत्रक निघाले की त्या मुलांच्या पालकांना घेऊन मी स्वतः जिल्हा रुग्णालयात येईन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका आणि सीटीएक्सच्या रुग्णाची बहीण
जि. सातारा